मातीवरून गादीवर : कै. खाशाबा जाधव यांची कारकीर्द

१९५२ सालच्या जुलै महिन्याच्या २३ व्या तारखेस फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे ऑलिंपिक मल्लयुद्धाच्या बँटमवेट गटाचा निकाल जाहीर झाला. पहिला जपानचा शोहाची इशी, दुसरा सोविएत रशियाचा रशीद मामेदबेकोव्ह आणि तिसरे सातारा जिल्ह्यातील गोळेश्वर या खेड्याचे खाशाबा दादासाहेब जाधव. स्वतंत्र भारताच्या नागरिकाने एकट्याच्या बळावर मिळविलेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय. तत्पूर्वी १९०० साली पॅरिस येथे कलकत्त्यात जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्ड याने धावण्याच्या शर्यतीत दोन रौप्यपदके मिळविली होती. परंतु तो काळ परराज्याचा. १९२८ पासून हॉकीच्या संघाने सुवर्णपदकांची परंपरा चालविली होती. परंतु तो पराक्रम अकरांचा. दोन हात, दोन पाय आणि एक मन एवढ्याच भांडवलावर जगाच्या आखाड्यात उतरून तिरंगा वर चढविण्याचा मान कऱ्हाड तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या मुलास लाभला.

ही हकीकत महाराष्ट्रात अनेकदा सांगितली गेली आहे. परंतु ती सांगताना बहुधा मिरवणुकीचे वर्णन होते, नाही तर उपेक्षेचा शोक होतो. या दोहोंच्या मध्ये एक प्रश्न आहे, आणि इतिहासाच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे. ज्या मातीत हा मल्ल घडला ती माती हेलसिंकीत नव्हती; ज्या राजाश्रयावर आपल्याकडील मल्लविद्या पोसली गेली तो राजाश्रयही १९५२ साली उरला नव्हता. पायाखालची जमीन दोन्ही अर्थांनी बदललेली असताना हा माणूस उभा कसा राहिला, आणि त्याला उभे कोणी केले?

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी गोळेश्वर येथे झाला. कृष्णा आणि कोयना या नद्यांचा जेथे प्रीतिसंगम होतो त्या कऱ्हाड शहराच्या अगदी जवळ हे गाव आहे. वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. त्या काळी दक्षिण महाराष्ट्रात गावोगाव तालमी असत. तालमीत हौदा, हौद्यात तांबडी माती, आणि त्या मातीत तेल, ताक, हळद मिसळून ती लोण्यासारखी मऊ केलेली असे. पहाटे उठावे, जोर-बैठका काढाव्या, माती अंगाला लावून वस्तादाच्या नजरेखाली लढत करावी आणि जत्रेच्या फडात नारळावरच्या कुस्तीपासून आरंभ करून पायरीपायरीने वर जावे, हा त्या भागातील मुलांचा शिरस्ताच होता. वयाच्या आठव्या वर्षी खाशाबांनी आसपास नाव झालेल्या एका मल्लाला दोन मिनिटांत लोळविले, अशी आठवण त्या गावी सांगितली जाते. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात त्यांचे माध्यमिक शिक्षण झाले, आणि त्याच काळात बाबूराव बलवडे व बेलापुरी गुरुजी यांच्याकडे त्यांनी कुस्तीचे धडे घेतले.

त्यांची शरीरयष्टी मात्र पहिलवान म्हणून डोळ्यांत भरावी अशी नव्हती. उंची बेताची, अंग सडपातळ. मल्ल म्हटला की मांड्या खांबांसारख्या आणि छाती दरवाजासारखी असावी, अशी आपल्या लोकांची समजूत. खाशाबांचे बळ निराळ्या ठिकाणी होते. चपळाई, पकडीतला अचूकपणा आणि प्रतिस्पर्ध्याच्या हालचालीचा अर्थ क्षणार्धात ओळखण्याची बुद्धी हे त्यांचे भांडवल. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत पकडून त्यास जमिनीवर फेकण्याचा ‘ढाक’ नावाचा डाव त्यांच्या विशेष हातखंड्याचा होता. पुढे परदेशी लोकांनी त्यांना ‘पॉकेट डायनॅमो’ असे नाव दिले ते याचमुळे.

ते दिवसही साधे नव्हते. १९४२ साली ‘चले जाव’ची घोषणा झाली आणि सातारा जिल्हा पेटून उठला. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारची हालचाल ज्या गावांतून चालली त्याच टापूत सोळा वर्षांचे खाशाबा शाळेत शिकत होते. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, पत्रके पोहोचविणे अशी कामे त्यांनीही केली. आपल्या देशाचा ध्वज जगाच्या मेळाव्यात वर चढलेला पाहावा, ही त्यांची पुढील आकांक्षा या दिवसांतच रुजली असे त्यांचे चरित्रकार मानतात. आणि ते सयुक्तिक दिसते.

हायस्कूल संपल्यावर ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाले. कोल्हापूर म्हणजे मल्लविद्येचे माहेरघर. राजर्षी शाहू छत्रपतींनी तालमींना वर्षासने दिली, उत्तरेकडील नामांकित मल्लांना आश्रय दिला आणि खासबागचे विशाल कुस्तीमैदान बांधून घेतले. महाराज स्वर्गवासी झाले १९२२ साली; परंतु त्यांनी घालून दिलेली परिपाठी पुढेही चालूच राहिली. या कॉलेजातील एक प्रसंग सांगतात. वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यावयास खाशाबा गेले, तेव्हा हा किरकोळ अंगाचा मुलगा पाहून क्रीडाशिक्षकांनी नकार दिला. प्रकरण प्राचार्यांपर्यंत गेले, परवानगी मिळाली आणि खाशाबांनी आपल्याहून थोराड गड्यांना एकामागून एक आसमान दाखविले. प्राचार्य होते बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर. हे नाव श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

१९४८ साली लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले. महायुद्धामुळे १९४० व १९४४ सालचे सामने झालेच नव्हते, त्यामुळे बारा वर्षांनी हा मेळा भरत होता. खाशाबांची निवड ५२ किलो वजनापर्यंतच्या फ्लायवेट गटात झाली. प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. येथवर सर्व काही जुन्या रीतीने झाले. मल्ल आखाड्याचा, आश्रय दरबारचा.

लंडनला पोचल्यावर मात्र खाशाबांसमोर एक नवीच वस्तू आली. ती म्हणजे गादी. तोपावेतो गादीवर ते कधी लढलेच नव्हते.

मातीवरची आणि गादीवरची कुस्ती यांत अंतर किती, हे शहरी श्रोत्यांस थोडे उलगडून सांगणे अवश्य आहे. मातीत पाय रुततो, आणि रुतलेल्या पायाचा आधार घेऊन मल्ल जोर लावतो. घाम सुटला की मूठभर माती अंगाला चोळावी, म्हणजे पकड घट्ट बसते. गादीवर पाय रुतत नाही. बुटांच्या तळव्यावर तोल सांभाळावा लागतो. तेथे घाम शत्रू होतो, कारण ओल्या अंगावरून हात निसटतो. मातीतली आपली निकाली कुस्ती प्रतिस्पर्ध्याची पाठ स्पष्टपणे जमिनीला लागेतो चालते. तेथे घाई नसते, मल्ल परस्परांचा अंदाज घेत खडाखडी करीत राहतात. गादीवर घड्याळ चालू असते. त्या काळी १५ मिनिटांत लढत संपवावी लागे. तेवढ्यात कोणी चीत झाला नाही, तर तीन पंच मिळून निर्णय देत. म्हणजे नुसते न हरणे पुरेसे नाही. आपण वरचढ आहोत हे पंचांना क्षणोक्षणी दिसले पाहिजे. शिवाय गादीला सीमा असते. लंगोट लावून अनवाणी लढणाऱ्या मल्लास घट्ट पोशाख, पायांत बूट, शिट्टी, परकी भाषा आणि परके नियम यांचा एकाच वेळी सामना करावयाचा होता. विहिरीत पोहण्यात पटाईत असलेल्यास समुद्राच्या लाटांत उतरवावे, तसाच हा प्रकार होता.

अशाही स्थितीत त्यांनी जे केले ते अचंबा वाटण्याजोगे आहे. ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिस याचा त्यांनी अल्पावधीत पराभव केला आणि अमेरिकेच्या बिली जर्निगन यालाही मागे सारले. पुढे इराणच्या मन्सूर रईसीपुढे त्यांचे चालले नाही. अखेर त्यांना सहावा क्रमांक मिळाला. लंडनमध्ये रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाने त्यांना गादीच्या कुस्तीचे मार्गदर्शन केले होते. हा मुक्काम थोड्या आठवड्यांचा, परंतु त्याने खाशाबांची दृष्टी पालटली. आपले डाव निरुपयोगी नाहीत, त्यांची मांडणी मात्र नव्या जमिनीला अनुसरून केली पाहिजे, हे त्यांना उमगले. सहाव्या क्रमांकाचे कौतुक करवून घेत न बसता त्यांनी पुढील चार वर्षे याच एका अभ्यासास वाहिली. कोल्हापुरात गोविंद पुरंदरे यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांचा सराव चालू राहिला. वजनगटही बदलला, आता ते ५७ किलोपर्यंतच्या बँटमवेट गटात उतरू लागले. म्हणजे जे प्रतिस्पर्धी समोर येणार तेही अधिक भारी आणि अधिक बळकट.

या चार वर्षांत देशातही एक मोठे स्थित्यंतर घडून आले. १९४९ सालच्या १ मार्च रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. हिंदुस्थानातील शेकडो संस्थाने अशाच रीतीने इतिहासजमा झाली, आणि लोकशाहीच्या दृष्टीने ते होणे इष्टच होते. परंतु या पालटाची एक बाजू सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. गायक, चित्रकार, शिल्पी आणि मल्ल यांना ज्या दरबारांतून वर्षासन मिळे ते दरबार मिटले. आणि त्यांच्या जागी जे सरकार आले ते फाळणी, निर्वासित आणि अन्नधान्याची टंचाई यांच्या विवंचनेत गुंतले होते. मल्लाला परदेशी पाठविणे हे आपले कर्तव्य आहे, असे त्या सरकारास अद्याप वाटू लागले नव्हते. जुना आश्रयदाता गेलेला, नवा अजून जागा न झालेला, अशा मधल्या फटीत १९५२ चे हेलसिंकी येऊन ठेपले.

संघात स्थान मिळविण्यासाठीही खाशाबांना झगडावे लागले. निवडीच्या वेळी आपणांवर अन्याय झाला अशी त्यांची तक्रार होती आणि तिची दाद त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे मागितली. पुन्हा चाचणीची संधी मिळाली, तीत ते सरस ठरले आणि निवड पक्की झाली. आता प्रश्न उरला पैशाचा. सरकारदरबारी अर्जविनंत्या झाल्या. त्यांतून हाती आले ते अपुरेच. तेव्हा खाशाबा आणि त्यांचे आप्त गोळेश्वर व कऱ्हाड येथे दारोदार फिरले. ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे हातभार लावला. तरीही तूट भरून निघेना. अशा वेळी बॅ. खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकले आणि ७,००० रुपये उभे करून दिले.

या गोष्टीचे मोल ठरविताना दोन बाबी लक्षात घेतल्या पाहिजेत. एक तर १९५२ साली ७,००० रुपये ही रक्कम मध्यमवर्गीय गृहस्थाच्या आयुष्याची पुंजी होती. दुसरे असे की, खर्डेकर हे काही मल्ल नव्हते. ते विद्येच्या क्षेत्रातले पुरुष. विद्यार्थ्याच्या अंगी असलेला गुण परीक्षेच्या कागदावर उतरणारा नसला तरी तो गुणच आहे, आणि त्यासाठी शिक्षकाने स्वतःच्या डोक्यावरचे छप्पर पणास लावावे, ही दृष्टी त्यांच्या ठायी होती. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयास त्यांचे नाव देण्यात आले ते यथोचितच झाले. परंतु हेलसिंकीच्या पदकावरही त्यांच्या नावाचे एक अदृश्य अक्षर कोरलेले आहे असे म्हणावयास हरकत नाही.

मराठी मल्ल आणि धावपटू यांनी ऑलिंपिकचे दर्शन पूर्वी घेतले नव्हते असे नाही. १९२० साली दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने हिंदुस्थानचा पहिला लहानसा चमू बेल्जममधील अँटवर्प येथे गेला, तेव्हा बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन शर्यत धावले, आणि नवले व शिंदे हे दोन मल्ल आखाड्यात उतरले. शिंदे यांचे पदक अगदी थोडक्यात हुकले. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन येथे देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली, याचा विदर्भाला सार्थ अभिमान वाटतो. परंतु प्रात्यक्षिक वेगळे आणि स्पर्धा वेगळी. प्रात्यक्षिकात जग आपला खेळ आपल्या नियमांनी पाहते आणि टाळ्या वाजविते. स्पर्धेत जगाच्या नियमांनी जगाशी झुंजावे लागते. बत्तीस वर्षांत जी गोष्ट साधली नव्हती ती आता साधावयाची होती.

हेलसिंकीचे सामने १९ जुलै रोजी सुरू झाले. ६९ देशांचे स्पर्धक जमले होते. सोविएत रशिया प्रथमच उतरला होता, आणि युद्धातील पराभवामुळे लंडनला मज्जाव झालेला जपान पुन्हा आला होता. खाशाबांच्या दृष्टीने या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या ठरल्या. कारण त्यांच्या वाटेत अखेर उभे राहिले ते याच दोन देशांचे मल्ल.

त्या काळची गुणपद्धती चमत्कारिक होती. जिंकणाऱ्यास गुण देण्याऐवजी दोषगुण मोजले जात. प्रतिस्पर्ध्यास चितपट केले तर दोष काहीच नाही. केवळ पंचांच्या निर्णयाने जिंकले तर एक. हरले तर त्याहून अधिक. असे पाच दोष जमले की मल्ल बाद. खाशाबांनी कॅनडाचा एड्रियन पोलिक्विन, मेक्सिकोचा लिओनार्डो बासुर्तो आणि जर्मनीचा फर्डिनांड श्मिट्झ यांना हरविले. चार वर्षांपूर्वी गादीवर पाऊल ठेवताना ज्यांना सर्वच अनोळखी वाटले होते, तेच खाशाबा आता दोन खंडांतील मल्लांना त्यांच्याच जमिनीवर मागे सारीत होते.

पुढे इशी आणि मामेदबेकोव्ह यांच्याशी गाठ पडली. इशीने त्यांना जेरीस आणून निर्णयाने विजय मिळविला. दोन लढतींच्या मध्ये मल्लास निदान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असा नियम होता. खाशाबांना मात्र जवळजवळ लागोपाठ लढावे लागले, आणि त्यांच्या वतीने ही हरकत घेण्यास कोणी भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. थकलेल्या शरीराने ते मामेदबेकोव्हपुढे उभे राहिले आणि हरले. विश्रांती मिळती तर काय झाले असते, हा तर्क करण्यात हशील नाही. इतिहासाने जे नोंदविले ते एवढेच, की जगात तिसरा क्रमांक भारताच्या खाशाबांचा लागला. कोल्हापूरचेच केशव मंगावे यांना त्याच सामन्यांत फेदरवेट गटात चौथा क्रमांक मिळाला, हेही येथे नमूद केले पाहिजे. कारण त्या गुणी मल्लाचे नाव पदकाच्या झळाळीत सहसा झाकून जाते. दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैस, हॉकीच्या संघाने हॉलंडचा सहाविरुद्ध एक गोलाने पराभव करून सुवर्णपदक जिंकले. वृत्तपत्रांतील मोठे मथळे त्या विजयाच्या वाट्यास आले.

परंतु कऱ्हाडकरांचे मन निराळे होते. खाशाबा परत आले तेव्हा त्यांच्या स्वागतास १५१ बैलगाड्या जमल्या होत्या, आणि एरवी पाव तासात संपणारी गोळेश्वरची वाट चालून जाण्यास त्या मिरवणुकीस सात तास लागले, असे सांगतात. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी पहिले काम केले ते कर्जफेडीचे. फडाफडांतून कुस्त्या लढून मिळालेल्या पैशातून त्यांनी खर्डेकरांचे घर सोडवून दिले. जगातला तिसऱ्या क्रमांकाचा मल्ल जत्रेच्या मैदानात पुन्हा तांबड्या मातीत उतरला तो आपल्या गुरुजींचे ऋण फेडण्यासाठी, ही गोष्ट पदकाच्या गोष्टीहून कमी मोलाची नाही.

१९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. गुडघ्यास झालेल्या दुखापतीने १९५६ च्या मेलबोर्न ऑलिंपिकची वाट बंद केली. त्यानंतर खात्यातील स्पर्धा, जवानांना कुस्तीचे शिक्षण आणि नेहमीची नोकरी यांतच २७ वर्षे गेली. सहायक पोलीस आयुक्त या पदावरून ते निवृत्त झाले. १९८२ साली दिल्ली येथील आशियाई सामन्यांच्या ज्योतीच्या दौडीत त्यांना सहभागी करून घेण्यात आले, हा त्यांच्या हयातीत झालेल्या थोड्या गौरवांपैकी एक होय. १४ ऑगस्ट १९८४ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या पूर्वसंध्येस, रस्त्यावरील एका अपघातात त्यांचे निधन झाले. पुढे १९९२-९३ सालचा शिवछत्रपती पुरस्कार आणि २००० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर देण्यात आला. दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागारास २०१० साली त्यांचे नाव मिळाले. आणि त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा राज्य क्रीडा दिन म्हणून पाळण्याचे महाराष्ट्र शासनाने २०२३ साली ठरविले. हे सर्व योग्यच. परंतु यांपैकी एकही गोष्ट पाहावयास ते स्वतः हयात नव्हते.

आता एक तुलना करण्याजोगी आहे. हेलसिंकीत खाशाबांच्या शेजारी सुवर्णपदक घेऊन उभा राहिलेला इशी हाही मुळात गादीवरच्या या कुस्तीचा नव्हे. तो ज्यूदो या जपानी मल्लविद्येत वाढलेला. युद्धानंतर विजेत्यांनी ज्यूदोवर बंदी घातली, तेव्हा तो या परक्या कुस्तीकडे वळला. म्हणजे त्या दिवशी सन्मानाच्या पायरीवर उभे असलेल्या तिघांपैकी दोघे आशियातील आपली जुनी विद्या नव्या जमिनीवर नेऊन यशस्वी झाले होते. त्या सामन्यांत जपानला मिळालेले सुवर्णपदक हे एकच. तेथवर दोन्ही देशांची गोष्ट सारखीच आहे.

भेद पडला तो पुढे. जपानात इचिरो हत्ता या ज्यूदोपटूने १९३० च्या सुमारास वासेदा विद्यापीठात ही कुस्ती रुजविली होती, आणि त्यांनी उभारलेल्या संघटनेने इशीच्या यशास अपवाद न मानता आरंभ मानले. विद्यापीठांतून गाद्या पसरल्या, शिक्षक तयार झाले, परदेशी सामन्यांचा परिपाठ पडला. परिणामी १९६४ साली टोकियो येथे जपानने कुस्तीत पाच सुवर्णपदके मिळविली. शेजारच्या दक्षिण कोरियानेही तोच मार्ग धरला, आणि १९७६ साली माँट्रियल येथे यांग जुंग-मो या मल्लाने त्या देशाचे पहिले ऑलिंपिक सुवर्ण जिंकले ते कुस्तीतच. आपल्याकडे गुणी मल्लांचा तुटवडा नव्हता. मारुती माने आणि गणपतराव आंदळकर यांनी १९६२ साली जाकार्ता येथील आशियाई सामन्यांत सुवर्णपदके आणली. परंतु मुले मातीत वाढत राहिली आणि गादीचे दर्शन त्यांना बहुधा उशिराच घडले. एकट्याच्या बळावर मिळविलेले पुढील ऑलिंपिक पदक भारतास १९९६ साली टेनिसमध्ये लिअँडर पेस यांनी मिळवून दिले, म्हणजे ४४ वर्षांनी. आणि कुस्तीतले पुढील पदक २००८ साली बीजिंग येथे सुशीलकुमार यांनी, म्हणजे ५६ वर्षांनी. महाराष्ट्राच्या वाट्यास तर असे दुसरे पदक २०२४ साली आले. ते पॅरिस येथे नेमबाजीत स्वप्निल कुसाळे यांनी जिंकले. ते कोल्हापूर जिल्ह्याचे पुत्र. मधला काळ ७२ वर्षांचा.

यात मातीचा दोष नाही. मातीने खाशाबांना दम दिला, पकड दिली, ढाक दिला. मातीचा तिरस्कार करून गादी साधली असती असे मानणे म्हणजे मूळ तोडून फळाची अपेक्षा करणे होय. परंतु केवळ मातीची थोरवी गात राहिल्यानेही काही साधत नाही. जे आपले आहे ते बरोबर घेऊन जे नवे आहे ते नम्रपणे शिकावयाचे, ही गोष्ट खाशाबांनी चार वर्षांत करून दाखविली. तीच गोष्ट शिकण्यास त्यांच्या समाजास अर्धशतकाहून अधिक काळ लागला. व्यक्ती पुढे जाऊन उभी राहते आणि समाज मागून सावकाश येतो, असे इतिहासात वारंवार घडते. मागून येण्याचे हे अंतर किती लांबवावयाचे, हे मात्र समाजाच्याच हाती असते.

आजही नागपुरातील एखाद्या जुन्या आखाड्यात किंवा शाळेच्या मैदानावर एखादा सडपातळ मुलगा नाव नोंदवावयास येत असेल आणि त्याच्या अंगलटीकडे पाहून कोणी त्यास परत पाठवीत असेल. अशा मुलाकरिता राजा नको, दरबार नको. त्याच्या अंगचा गुण वेळीच ओळखणारा एक शिक्षक, गाठीला असेल त्यातून वाटा देणारे चार शेजारी, आणि विश्रांतीचा हक्काचा अर्धा तास त्यास मिळवून देण्यासाठी जागेवर हजर असलेला एक अधिकारी, एवढेच पुरे आहे. १९५२ साली खाशाबांना यांपैकी पहिले दोन लाभले आणि ते जगात तिसरे आले.